‘आत बसा’ म्हणा

महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या उपाहारगृहांचे मालक आणि चालक यांना,



मी डोंबिवलीत राहते. नोकरीची एकतीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या रांगेची कामं केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घरी एकटी असते. एका माणसासाठी मेथीची जुडी आणली की अर्धी सुकून जाते, वाटीभर आमटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, म्हणून आठवड्यातून चार-पाच वेळा मी कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात खाते. कधी सकाळची न्याहारी, कधी दुपारची राईस प्लेट. तुमचं हॉटेल ही माझी चैन नाही, ते माझं स्वयंपाकघर आहे. म्हणून हे पत्र थोडं हक्कानं लिहिते आहे. त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलाचं नाव मी लिहिणार नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्या एकाच दारापुरतं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात त्याच हॉटेलाचा विषय निघाला. दूध टाकायला येणारे गृहस्थ तिथे सकाळी साडेसहाला पोहे खातात. ते म्हणाले, असे मोकळे, वाफाळलेले पोहे घरीसुद्धा होत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची परिचारिका ड्यूटी संपवून दुपारी साडेतीनला राईस प्लेट घेते. तिचं म्हणणं, भात कोमट, आमटी पाण्यासारखी, आणि वेटर शेजारी खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवत असतो. पहिल्या मजल्यावरचं जोडपं दर रविवारी मुलांना घेऊन मिसळ खायला जातं. त्यांना मालक स्वतः रस्सा वाढतात. त्यांच्या वरचे काका म्हणाले, तिथला वडा खाल्ला की रात्रभर छातीत जळजळ. बोलता बोलता आवाज चढले, कारण प्रत्येकाला वाटत होतं दुसरा खोटं बोलतोय. मी चौघांच्या वेळांना तिथे जाऊन बसलेली आहे. चौघंही खरं सांगत होते. एकाच दारातून आम्ही चार वेगळ्या हॉटेलांत जातो.

यातली काही कारणं मला समजतात आणि ती तुमच्या हातची नाहीत, हे आधी मान्य करते. डिसेंबर-जानेवारीत इडलीचं पीठ रात्रीत पुरेसं फुगत नाही, सकाळचा पहिला घाणा दडस निघतो. सप्टेंबरनंतर कांदा कडाडला की मिसळीवरचा कांदा कमी होतो आणि भज्यांत कोबी शिरतो. शिमग्याला, गणपतीला, छटपूजेला माणसं गावी जातात, आणि आचारी गेला की त्याच्या हाताची चवही महिनाभर गावी जाते. नवा माणूस त्याच डब्यातला तोच मसाला घालतो, पण कांदा किती तांबूस होऊ द्यायचा हे डब्यावर लिहिलेलं नसतं. त्यात तुमचा सिलिंडर 19 किलोचा, त्यावर 18 टक्के कर. आमच्या बिलावर 5 टक्के जीएसटी लागतो, पण तुम्ही गॅसवर, भाड्यावर भरलेला कर त्यातून वळता करून घेता येत नाही. पोह्यांची प्लेट पाच रुपयांनी वाढवली की आम्हीच गल्ल्याशी हुज्जत घालतो. हे सगळं मी पाहते. म्हणून मीठ जास्त पडलेल्या भाजीची, एखाद्या दिवशी फुटलेल्या साबुदाणा वड्याची तक्रार मी कधी केली नाही आणि आताही करत नाही.

पण साडेतीनच्या राईस प्लेटची तक्रार वेगळी आहे. तिथे चवीचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. तांदळात असे काही जिवाणू असतात की त्यांचे बीजाणू भात शिजवला तरी मरत नाहीत. तो भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की भात पुन्हा गरम करूनही ते जात नाही. म्हणून शिजवलेलं अन्न एकतर 60 अंशांच्या वर गरम ठेवायचं किंवा 5 अंशांच्या खाली थंड. मधल्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या हवेत झाकून ठेवलेल्या पातेल्यात, ते राहू द्यायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. ही परिचारिका आठ तास दुसऱ्यांच्या सलाईनकडे बघून येते आणि पातेल्याच्या तळचा भात खाते. साडेबाराला गर्दी असते तेव्हा भात पातेल्यातून थेट ताटात जातो, तो ताजाच असतो. जो अवेळी येतो त्याला उरलेलं मिळतं. आणि अवेळी कोण येतं, ते एकदा बघा. पाळीवरून सुटलेले, रिक्षावाले, पार्सलं पोचवणारी मुलं, सुरक्षारक्षक. ज्यांच्या जेवणाची वेळ दुसरं कोणी ठरवतं, ते.

वड्याचंही तेच. तळणीच्या तेलात 25 टक्क्यांहून जास्त ध्रुवीय संयुगं झाली तर ते तेल वापरायचं नाही, हा नियम देशभर 1 जुलै 2018 पासून आहे. तेल काळं पडलं, कढईत फेस धरायला लागलं, धूर लवकर येऊ लागला, की ते मोजायला यंत्र लागत नाही, तुमचा वस्ताद ते नाकानं ओळखतो. प्रश्न त्याला ते ओतून द्यायची मुभा आहे का, हा आहे. सकाळचा पहिला वडा आणि संध्याकाळी सातचा वडा एकाच भावाचा असतो. मग तेल दोघांना दोन प्रकारचं का?

तुमच्या आधीच्या पिढीतले काही मालक मला आठवतात. आमच्या लहानपणीच्या वसाहतीत एक होते. सकाळी गल्ल्यावर बसण्याआधी ते बशीत थोडी चटणी, थोडं सांबार घेऊन उभ्यानं चाखायचे आणि मान हलवली तरच पहिली प्लेट बाहेर जायची. माझी तुम्हाला विनंती आहे की तुम्ही हे दुपारी साडेतीनला करा. आत स्वयंपाकघरात उभ्यानं नको. भिंतीकडच्या, हात धुवायच्या बेसिनजवळच्या टेबलावर बसा, वेटरला मागवा, येईपर्यंत थांबा, आणि येईल ते पूर्ण जेवा.

त्या बेसिनजवळच्या टेबलाबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

एका रविवारी साडेदहाला मी मिसळ मागवून पंख्याखालच्या टेबलावर बसले होते. पाच जणांचं कुटुंब आलं. वेटर म्हणाला, “आजी, तुम्ही तिकडे बसा ना, एकट्याच आहात.” मी उठले. गर्दी होती, लहान मुलं होती, उठायला माझी हरकतही नव्हती. पण तिकडे बसल्यावर माझी मिसळ वीस मिनिटांनी आली. पाव आदल्या दिवसाचे, रस्सा गार. तर्री मागितली तर “एक्स्ट्रा नाही मिळणार.” आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या पाच जणांच्या टेबलावर किटलीतून दुसऱ्यांदा रस्सा गेला. सत्तर रुपये मी दिले, सत्तर रुपयेच त्यांनी माणशी दिले. त्या दिवशी मी अर्धी मिसळ टाकून आले. तशी मी कधी अन्न टाकत नाही.

याच हॉटेलाची दुसरी गोष्ट सांगते, नाहीतर माझं पत्र अन्यायाचं होईल. माझी आई शेवटच्या आजारपणात अकरा दिवस रुग्णालयात होती. तिला तिखट, तेलकट चालत नव्हतं. मी डबा घेऊन गल्ल्याशी गेले आणि विचारलं, फोडणीशिवाय मूगडाळीची खिचडी मिळेल का? ती पाटीवर नव्हती. मालकांनी आत जाऊन सांगितलं आणि पुढचे नऊ दिवस संध्याकाळी सहाला डबा तयार असायचा, मऊ, सैल, वर चमचाभर तूप. पैसे ते रोज घ्यायचे, मोजून, सुट्टे परत देऊन. ते घेतले म्हणून मला रोज जाता आलं. फुकट दिलं असतं तर तिसऱ्या दिवशी माझे पाय अडखळले असते. त्या खिचडीसाठी मी त्या माणसाचं ऋण मानते. म्हणूनच त्या रविवारची मिसळ मला इतकी लागली. ज्यांनी आजाऱ्याचं तोंड ओळखलं, त्यांच्याच घरात एकट्या बाईची किंमत एका खुर्चीएवढी का व्हावी?

चार खुर्च्यांचं टेबल एका माणसानं अडवलं की तुमचं नुकसान होतं, हा हिशेब मला कळतो. पण त्यावर आपल्याकडे पूर्वीपासून उत्तर आहे. मुंबईत धोबीतलावच्या, 1904 साली सुरू झालेल्या कयानीसारख्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाच्या एका बाजूला कारकून, दुसऱ्या बाजूला टॅक्सीवाला, आणि मधे एकच साखरदाणी, हे रोजचं दृश्य होतं. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून चालू आहे, तिथे अनोळखी माणसाशेजारी बसून जेवण्यात कोणाला अवघडल्यासारखं वाटत नाही. टेबल वाटून घ्यायला सांगा. “इथे अजून तिघे बसतील, चालेल ना?” असं विचारलं तर मी आनंदानं सरकेन. मला उठवून बेसिनजवळ पाठवणं आणि माझ्या शेजारी माणसं बसवणं, यात तुमचं काम तेवढंच होतं. माझ्यासाठी मात्र त्यात फार मोठा फरक आहे.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळी आठवतात का? शेकडो बायकांनी दहा बाय दहाच्या खोल्यांत गिरणी कामगारांना जेवू घातलं. प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे सावकाराकडे जाणाऱ्या त्या बायकांना बँकेचं दार उघडलं. त्या खानावळींत येणारा प्रत्येक जण एकटाच होता, बायको-मुलं कोकणात, देशावर. कोणाची रात्रपाळी आहे आणि कोणाचं ताट झाकून ठेवायचं, हे खानावळवालीला पाठ असायचं. अवेळी येणाऱ्याची काळजी आधी घ्यायची, ही त्या धंद्याची रीत होती. पैसा त्यांच्याकडेही नव्हता, जागा तर तुमच्याहून कमीच होती.

आता सेवा देणाऱ्यांविषयी, कारण वेटरवर सगळा दोष टाकून मला मोकळं व्हायचं नाही. मला “तिकडे बसा” म्हणणारा मुलगा सकाळी सहाला आलेला असतो आणि रात्री दहाला त्याच टेबलांच्या मधे चटई टाकतो. मी खिडकीत काम केलंय. दुपारी चारला आपला आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे. ठरावीक संख्येएवढे किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी देणं 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्याकडे सहाच माणसं असतील, तरी सुट्टीची गरज माणसं मोजून सुरू होत नाही. आणि एक गोष्ट मी स्पष्ट लिहिते. हॉटेलांत, ढाब्यांवर चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. तरी फडकं मारणारी, पाण्याचे ग्लास बोटं बुडवून आणणारी पोरं मी पाहते. विचारलं तर “पुतण्या आहे, सुट्टीत आलाय.” जूनमध्ये शाळा उघडतात, ऑक्टोबर येतो, पुतण्याची सुट्टी संपत नाही. तो जेवण वाढत असेल तर मला ते गिळवत नाही.

आम्ही गिऱ्हाईकही काही कमी चुकत नाही. “ए” म्हणून हाक मारतो, चुटक्या वाजवतो, रविवारच्या गर्दीत एका चहावर तासभर बसतो, मुलानं सांडलेलं पुसायला त्या मुलाकडे बोट दाखवतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आम्ही बोलत नाही. बिलाच्या बशीतली बडीशेप उचलताना तुम्ही विचारता, “कसं होतं?” आम्ही म्हणतो, “छान.” मग पुढच्या महिन्यात रस्ता बदलतो, आणि जिन्यात उभं राहून तुमच्याबद्दल बोलतो. मीही त्या रविवारी काहीच बोलले नाही. सत्तर रुपये ठेवून निघाले. तुम्हाला कळणार कसं? हे माझं चुकलं, आणि या पत्राचं एक कारण तेही आहे. पण तुम्हीही नोटा मोजता मोजता विचारू नका. मान वर करून विचारा. परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाटीवर लावता, 2022 पासून बिलावर छापता, तो अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची झाली तर उपयोगी. पण कोमट भातासाठी मला प्रशासनाकडे जायचं नाही. मला गल्ल्याशी येऊन सांगायचं आहे, आणि ते ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडू नये एवढंच हवं आहे.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते.

आमच्या रस्त्यावर महापालिकेच्या एक सफाई कामगार बाई आहेत. पहाटे पाचपासून झाडतात. सातच्या सुमाराला त्या त्याच कोपऱ्यावरच्या हॉटेलाच्या दाराशी थांबतात. आतल्या सगळ्यांना चहा कपबशीत मिळतो. त्यांना कागदी कपात, पायरीवर. कोणी त्यांना हाकलत नाही. “आत येऊ नका” असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. पण “आत बसा” असंही सहा वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, आत का नाही बसत? त्या म्हणाल्या, “हाताला, कपड्यांना वास असतो, मॅडम. लोकांना बरं नाही वाटत.” हे त्यांना कोणी तोंडानं सांगितलं नव्हतं. पायरीवर आलेल्या कागदी कपानं सांगितलं होतं.

आपल्या हॉटेलांच्या इतिहासात दाराबाहेरच्या फळीवर ठेवलेले वेगळे कप होते. ते कोणासाठी होते हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्या फळीवरून ज्यांनी चहा घेतला त्यांनी ते लिहून ठेवलंय. राज्यघटना लिहिताना म्हणूनच तिच्या पंधराव्या कलमात ‘सार्वजनिक उपाहारगृहं’ आणि ‘हॉटेलं’ हे शब्द मुद्दाम घातले गेले. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे जायला कोणाला अडवता येणार नाही. जरा विचार करा, देशाच्या घटनेत तुमच्या धंद्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. किती धंद्यांचा असा आहे? त्या लिहिणाऱ्यांना कळलं होतं की माणसाला माणसात जागा मिळाली की नाही, हे आधी चहाच्या टेबलावर दिसतं. कागदी कप स्वस्त पडतो, धुवायला लागत नाही, सकाळी घाई असते, हे सगळं तुम्ही म्हणाल. तो कप सगळ्यांना द्या, मी एक शब्द बोलणार नाही. तो एकीलाच का, एवढं मला सांगा.

हात धुवायला बेसिन आहे. साबण ठेवा, वास जातो. पंख्याखालच्या ज्या टेबलावरून मला उठवलं होतं ते सकाळी सातला रिकामंच असतं.

माझा राग मिसळीवर नव्हता, हे लिहिता लिहिता माझ्याही लक्षात आलं. बेसिनजवळ मी एक रविवार बसले आणि सहा वर्षांची ओळख कडू झाली. त्या तर रोज पायरीवर उभ्या असतात, आणि त्यांच्या शेजारून आत जाऊन मी रोज कपबशीतला चहा प्यायले. तेव्हा मला काही खटकलं नाही.

परवा मी त्यांना म्हटलं, सोमवारी माझ्याबरोबर आत चला. त्यांनी बराच वेळ झाडूच्या काठीवर हनुवटी ठेवून विचार केला. म्हणाल्या, घरी जाऊन साडी बदलून येऊ का? मग स्वतःच म्हणाल्या, नको, घर लांब आहे, परत यायला नऊ वाजतील, पोहे संपतील. गणवेशातच येते.

तेव्हा आमच्या कोपऱ्यावरचे मालक हे वाचत असतील तर त्यांना कळवते की सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघी येत आहोत. दोन पोहे, वर खोबरं-कोथिंबीर. दोन चहा, कपबशीत. टेबलावर आणखी दोघांना जागा आहे, कोणी आलं तर बसवा.

आपली,
डोंबिवलीची एक रोजची गिऱ्हाईक